गिटार सोडून बाकी सगळं: रॉकवाल्यांनी ‘रेझिंग हेल’ कसा ऐकावा

ज्यांच्या फोनमध्ये ब्लॅक सॅबाथ आहे, मेटॅलिका आहे, आणि रॅप लागलं की ‘नुसतं बडबडतोय, गाणं कुठाय?’ म्हणत जे पुढचं लावतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी त्यांच्यातलाच. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतल्या मित्राने एकदा एक कॅसेट दिली. त्यातलं एक गाणं आवडलं, कारण त्यात गिटार होती. बाकीची कॅसेट मी पुढे-मागे पळवत राहिलो. इतकी, की शेवटी त्याच गाण्यापाशी टेपरेकॉर्डरने पट्टी गिळली. पुढची सात-आठ वर्षं बारापैकी एक गाणं ऐकलेला मी, ‘तो अल्बम ना, ऐकलाय की’ असं चारचौघांत सांगत होतो.

तो अल्बम म्हणजे न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या त्रिकुटाचा ‘रेझिंग हेल’. मे १९८६ मध्ये आला. बारा गाणी, साधारण चाळीस मिनिटं. अमेरिकेत दहा लाखांचा, म्हणजे प्लॅटिनमचा टप्पा गाठणारा हा पहिला रॅप अल्बम. पुढच्या वर्षापर्यंत तो आकडा तीस लाखांवर गेला. रॉकवाल्याला रॅपमध्ये शिरायला यापेक्षा सोपं दार मला माहीत नाही. अडचण एवढीच की दारातच गिटार वाजत असते आणि बहुतेक जण तिथेच बसकण मारतात. मी मारली होती. तुम्ही मारू नये म्हणून ही वाट आखून देतो.

आधी थोडी तयारी

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्यात खालचा ठोका ऐकूच येत नाही, आणि या अल्बममधला अर्धा ऐवज त्या ठोक्यात आहे. साधे वायरवाले हेडफोन चालतील. गाडीतली सिस्टीम असेल तर उत्तमच. गाणी उलटसुलट लावायचं बटण बंद ठेवा. गीतांचे शब्द समोर उघडून बसू नका. पहिल्या दोन-तीन वेळा तरी नको. आपण मेटल ऐकतो तेव्हा कुठे सगळे शब्द कळतात?

माणसं कोण, हे मात्र माहीत असू द्या. जोसेफ सिमन्स म्हणजे रन, डॅरिल मॅकडॅनियल्स म्हणजे डीएमसी, आणि रेकॉर्ड फिरवणारा जेसन मिझेल म्हणजे जॅम मास्टर जे. तिघंही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या हॉलिस नावाच्या वस्तीतले. त्यांच्या आधीचे रॅपवाले स्टेजवर पिसं, चामड्याचे झगमगीत कपडे असं घालून यायचे. हे तिघं गल्लीत फिरताना जे घालायचे तेच घालून आले: काळे कपडे, काळी हॅट, गळ्यात जाड साखळी, पायात लेस काढून टाकलेले पांढरे बूट. पंकवाल्यांनी सत्तरच्या दशकातल्या रॉकचा भपका उतरवला, तसंच.

निर्माते दोन. एक रनचा थोरला भाऊ रसेल सिमन्स, दुसरा रिक रुबिन. दुसरं नाव रॉकवाल्यांना ओळखीचं वाटेलच. लाँग आयलंडचा हा गोरा पोरगा, एसी/डीसी आणि पंकवर वाढलेला, कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीतून रेकॉर्ड कंपनी चालवायचा. ‘रेझिंग हेल’ मे महिन्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्लेयर या मेटल बँडचा ‘रेन इन ब्लड’ आला, आणि त्याचा निर्माताही हाच. दोन्ही अल्बम एकापाठोपाठ लावून बघा. दोन्हींत आवाज कोरडा ठणठणीत आहे. प्रतिध्वनीची गादी नाही, मागे कीबोर्डचा धूर नाही. १९८५ मध्ये एलएल कूल जे या रॅपरच्या पहिल्या अल्बमवर रुबिनने आपल्या नावापुढे ‘प्रोड्यूस्ड’च्या जागी ‘रिड्यूस्ड’ छापून घेतलं होतं. गाण्यातून काय काय काढून टाकता येईल हे बघणारा माणूस. रॉकवाल्यांनो, तुम्ही त्याचं काम आधीच ऐकलेलं आहे, फक्त दुसऱ्या खोलीत.

पायरी १: एरोस्मिथची फक्त पहिली पाच सेकंदं

आता ‘रेझिंग हेल’ बाजूला ठेवा. एरोस्मिथ या रॉक बँडचं १९७५ चं मूळ ‘वॉक धिस वे’ लावा; रन-डीएमसीने हेच गाणं पुन्हा केलं. सुरुवातीला जोई क्रेमर एकटा ड्रम वाजवतो, मग जो पेरीची ती प्रसिद्ध रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा, येते. रिफ यायच्या क्षणाला थांबवा. मागे घ्या. पुन्हा लावा, पुन्हा थांबवा. असं दहा वेळा करा. घरचे विचारतील काय चाललंय, सांगा, अभ्यास.

तुम्ही आत्ता जे केलंत ते न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या डीजेंचं मूळ काम. ११ ऑगस्ट १९७३ ला सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत कूल हर्क नावाच्या डीजेच्या बहिणीने पार्टी ठेवली होती, रेकॉर्ड लावायला हर्क. हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्याचा, जन्म लोक तिथून मोजतात. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यात बाकीची वाद्यं थांबून फक्त ताल उरतो, त्या चार-सहा सेकंदांत नाचणारी पोरं पेटतात. त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायच्या. एकीवर ब्रेक वाजतोय तोवर दुसरी बोटाने उलटी फिरवून त्याच जागेवर आणायची. पहिलीवरचा संपला की मधल्या मिक्सरवरची, कुठल्या रेकॉर्डचा आवाज बाहेर जाईल हे ठरवणारी पट्टी सरकवायची. चार सेकंदांचा ब्रेक चार मिनिटं चालवता येतो. मोठा ताल फुकट, गाणारा पाहिजे तर गाणारा, नाहीतर नाचणारे आहेतच.

यात कुठली रेकॉर्ड काळ्यांची, कुठली गोऱ्यांची, हे कोणी विचारत नव्हतं. ठोका जाड पाहिजे, बस. म्हणून बिली स्क्वायरसारख्या रॉकवाल्याची रेकॉर्ड प्रत्येक डीजेच्या पेटीत असायची, आणि एरोस्मिथची पण. रन आणि डीएमसी वयात येताना त्या पाच सेकंदांवर रॅप करत होते. बँडचं नाव त्यांना माहीत नव्हतं. कव्हरवरचं ‘टॉइज इन द अ‍ॅटिक’ एवढंच माहीत. रेकॉर्ड पुढे जाऊच द्यायची नाही, तर गायकाचा आवाज कानावर पडणार कधी?

पायरी २: मग चौथं गाणं, एकदाच

आता रन-डीएमसीचं ‘वॉक धिस वे’ लावा. सुरुवातीला तेच ड्रम, त्यावर जॅम मास्टर जेने रेकॉर्ड पुढे-मागे घासून काढलेली खर्रखर्र, मग पेरीची गिटार. आता ती खर्रखर्र गाण्यावर चिकटवलेली वाटणार नाही. तिच्यासाठीच तर ते ड्रम आहेत.

हे गाणं घडलं रुबिनच्या हट्टामुळे. पूर्ण गाणं, मूळ शब्दांसकट, पुन्हा करायचं, ही त्याची कल्पना. रन आणि डीएमसीने शब्द ऐकून नाक मुरडलं. जॅम मास्टर जे मात्र रुबिनच्या बाजूने होता. स्टीव्हन टायलर आणि जो पेरी स्टुडिओत आले. त्या दिवसांत एरोस्मिथची गाडी पंक्चर होती. आदल्या वर्षीचा अल्बम चालला नव्हता. या गाण्यानंतर १९८७ मध्ये त्यांचं पुनरागमन झालं. मूळ गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, हे चौथ्यापर्यंत पोचलं. व्हिडिओत दोन बँड शेजारच्या खोल्यांत सराव करताहेत, एकमेकांवर वैतागताहेत, आणि टायलर माइकच्या स्टँडने मधली भिंत फोडतो.

एक गंमत लक्षात घ्या. पेरीला न्यू ऑर्लिन्सच्या द मीटर्स या फंक (काळ्यांचं ठेकेदार नाचसंगीत) बँडचं वेड होतं, आणि ती रिफ त्या नादातून आलेली. टायलरही मुळात ते गाणं गात नाही, ठोक्यावर शब्द फेकतो. म्हणजे रॅपवाल्यांनी रॉक उचललं असं जे म्हणतात ते अर्धंच. ती वस्तू काळ्यांच्या घरातून निघून गोऱ्यांच्या घरी मुक्काम करून परत आली होती.

गाणं भारी आहे. पण एकदा ऐकून सोडा. इथे अडकलात तर उरलेल्या अकरा गाण्यांत गिटारची वाट बघत बसाल.

पायरी ३: ‘पीटर पायपर’, तीन वेळा

अल्बमचं पहिलं गाणं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. गिटार नाही. बास-गिटारची धून म्हणावी असंही काही नाही. कडवं-ध्रुवपद असला प्रकार नाही. रॉकवाल्याची खरी परीक्षा इथे.

पहिल्यांदा ऐकताना फक्त घंटा ऐका. सुरुवातीला वाद्य नाहीच, दोघं नुसते बोलतात. मग अचानक ठोका पडतो आणि वर किणकिणती घंटा. हा तुकडा जॅझ पियानोवादक बॉब जेम्सच्या १९७५ च्या ‘टेक मी टू द मार्डी ग्रा’चा. मूळ गाणं पुढे फार गुळगुळीत होतं, लिफ्टमध्ये लागावं तसं. पण सुरुवातीच्या त्या काही सेकंदांसाठी डीजे लोक जीव टाकायचे. चार मात्रा मोजा. दुसरीवर आणि चौथीवर टाळी. रॉकमध्येही तुमची मान तिथेच हलते, त्यामुळे नवीन काही शिकायचं नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त जेचा हात ऐका. घंटा कधी अर्धी तुटते, कधी दोनदा येते, कधी मागे खेचली जाऊन पुन्हा सुटते. हे हाताचं काम आहे: एक तळवा फिरत्या तबकडीवर, दुसऱ्या हाताची बोटं मिक्सरच्या पट्टीवर. सुई खोबणीतून उडाली की मेहनत वाया. तुम्ही जो सोलो शोधताय तो हाच. पहिल्या ऐकण्यात मला तो खराब कॅसेटचा आवाज वाटला होता, हे कबूल करतो. त्या पट्टी गिळलेल्या प्रकरणानंतर संशय येणं साहजिक होतं.

तिसऱ्यांदा आवाज. रनचा आवाज वरचा, तिखट, घाईतला. डीएमसीचा जाड आणि जमिनीवर पाय रोवलेला. दोघं ओळ वाटून घेतात. एक ओळ ओढत नेतो आणि शेवटच्या शब्दावर दुसरा येऊन आदळतो, कधी एका ओळीत दोन-दोनदा अदलाबदल. हेवी मेटलमध्ये दोन गिटारवाले एकमेकांच्या अंगावरून रिफ नेतात, तसं. शाहिराच्या मागे झीलकरी ओळीचं टोक उचलतात तेही आठवेल, पण इथे दोघंही मुख्य आहेत, मागे कोणी नाही.

आणि बोलताहेत काय? जॅक अँड जिल, हम्प्टी डम्प्टी वगैरे बालगीतांतली मंडळी एकेक करून आणायची आणि आमचा जे या सगळ्यांपेक्षा थोर, असं सांगायचं. पूर्ण गाणं डीजेची आरती आहे. मध्येच ते स्पष्ट करतात की ‘बॅड’ म्हणजे वाईट नव्हे, भारी. आपण ‘खतरनाक’ म्हणतो तसं.

इथे रॉकवाल्यांची नेहमीची तक्रार येते: सारखं आपलं ‘मीच मोठा, मीच मोठा’. तमाशातला कलगी-तुरा ऐकलाय का? सामना लागला की नम्रता घरी ठेवून यायची असते. बढाई हा इथे विषय कमी आणि तालीम जास्त. मी मोठा, हे तू किती तऱ्हांनी सांगू शकतोस, ते बघायचं.

पायरी ४: चोरलेली गिटार ओळखा

‘इट्स ट्रिकी’ दुसरं गाणं. यातली गिटार ओळखीची वाटली तर बरोबर आहे. द नॅक या रॉक बँडच्या १९७९ च्या ‘माय शरोना’मधली ती आहे. पण पूर्ण रिफ न घेता त्यातला एक तुकडा कापून ठोक्यासारखा वापरलाय. गिटार इथे ढोलाचं काम करते. हे कळलं की रुबिन काय करत होता ते बरंचसं कळतं. (द नॅकवाल्यांनी यावरून २००६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, कोर्टात दावा लावला.)

मग ‘रेझिंग हेल’ हे शीर्षकगीत. इथे गिटार भरपूर आहे, अगदी हेवी. तरी मला ते मधलंच वाटतं. रॅपवर गिटारच हवी असेल तर त्यांचंच १९८४ चं ‘रॉक बॉक्स’ ऐका. एडी मार्टिनेझने त्यात जी गिटार वाजवलीय ती शब्दांशी भांडते. इथली नुसती सोबत करते.

पायरी ५: गिटार नसलेली

‘परफेक्शन’ आणि ‘हिट इट रन’ सलग लावा. पहिल्यात ड्रम आणि दोन आवाज, गप्पा मारल्यासारखे. दुसऱ्यात रन तोंडाने ठेका धरतो आणि डीएमसी त्यावर तुटून पडतो. एक माणूस आणि दुसऱ्याचं तोंड, एवढ्या भांडवलावर अख्खं गाणं. लेड झेपेलिनमध्ये जॉन बॉनहॅम एकटा वाजवायला लागला की बाकीचे आठवत नाहीत, तसं तुमचं व्हायला लागलं तर गाडी रुळावर आहे. ‘इज इट लाइव्ह’ याच ओघात ऐकून टाका, वेगळा वेळ द्यायची गरज नाही.

पायरी ६: आता शब्द

‘माय आदिदास’पासून सुरू करा. लोक याला बुटांची जाहिरात समजतात. गाणं केलं तेव्हा कंपनीने एक छदामही दिलेला नव्हता. लेस नसलेले बूट म्हणजे तुरुंगातून सुटलेल्याची खूण, अशी तेव्हा समजूत होती, कारण तुरुंगात लेस काढून घेतात. असे बूट घालणारा पोरगा गुंडच, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे: आम्ही याच बुटांनी चांगल्या जागी जातो, याच बुटांनी ‘लाइव्ह एड’च्या स्टेजवर चढलो. १९८५ च्या त्या फिलाडेल्फियातल्या कार्यक्रमात ते खरोखर होते. पुढे १९८६ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी प्रेक्षकांना बूट हातात धरून वर करायला सांगितले. हजारो बूट हवेत गेले. कंपनीचा माणूस तिथे हजर होता. मग दहा लाख डॉलरच्या वरचा करार झाला, आणि रॅपवाल्यांशी असा करार करायची सुरुवात तिथून झाली. वाजंत्री आधी, बिदागी नंतर.

‘यू बी इलिन’ हे विनोदी. इलिन म्हणजे भलतंच वागणं, डोकं ठिकाणावर नसणं. एक जण केंटकी फ्राइड चिकनच्या काउंटरवर जाऊन मॅकडोनाल्ड्सचा बिग मॅक मागतो. दुसरा बास्केटबॉलच्या सामन्यात पहिल्या रांगेत बसून ‘टचडाउन!’ ओरडतो, म्हणजे क्रिकेटमध्ये कोणी ‘गोल!’ ओरडावं तसं. अमेरिकन संदर्भ एवढे दोन कळले तरी बाकीचं आपोआप उलगडतं.

‘डंब गर्ल’ वगळलंत तरी चालेल. बायकांबद्दलचा तो उपदेशाचा सूर तेव्हाही फार शहाणा नसणार, आता तर अजिबातच ऐकवत नाही. ‘सन ऑफ बायफर्ड’ अर्ध्या मिनिटाचं आहे; बायफर्ड हे डॅरिलच्या वडिलांचं नाव. आणि शेवटचं ‘प्राउड टू बी ब्लॅक’ सोडू नका. संपूर्ण अल्बमभर बूट, डीजे आणि बढाया झाल्यावर अचानक हॅरिएट टबमन, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, माल्कम एक्स ही काळ्यांच्या इतिहासातली नावं येतात, त्याच आवाजात, त्याच जोरात. शाळेच्या पुस्तकातला धडा वाटत नाही, कारण तोवर या दोन आवाजांची सवय झालेली असते.

अडलं तर

‘जुनं वाटतंय’ असं वाटणारच. आजचं रॅप ऐकून आला असाल तर रन-डीएमसी ओळीच्या शेवटच्या शब्दावर हातोडा मारताहेत हे फार जाणवेल. त्यांचं यमक टोकाला असतं, खणखणीत आणि ओरडून. १९८७ मध्ये एरिक बी आणि रकीम या रॅप जोडीचा ‘पेड इन फुल’ आला. रकीम आवाज न चढवता ओळीच्या पोटात यमकं पेरत गेला, आणि वर्षभरात ही ओरडण्याची पद्धत जुनी झाली. रॉकमध्ये चक बेरी जसा जुना आहे तसे हे जुने आहेत. त्यातून वाईट कोणाला वाटायचं कारण नाही.

‘हे रॉक आहे का’ हा वाद घालणारा मित्र भेटला तर त्याला ‘किंग ऑफ रॉक’चा १९८५ चा व्हिडिओ दाखवा. रन-डीएमसी रॉक अँड रोलच्या संग्रहालयात जायला निघतात आणि दारातला पहारेकरी त्यांना हसून अडवतो. असं संग्रहालय तेव्हा प्रत्यक्षात उभंही नव्हतं; क्लीव्हलंडमधलं १९९५ मध्ये उघडलं. २००९ मध्ये तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं, मेटॅलिकाबरोबर, एकाच रात्री. जॅम मास्टर जे ते बघायला नव्हता. ३० ऑक्टोबर २००२ ला क्वीन्समधल्या स्टुडिओतच त्याला गोळी घालून मारलं होतं.

यानंतर काय

बीस्टी बॉइजचा ‘लायसन्स्ड टू इल’, नोव्हेंबर १९८६. निर्माता पुन्हा रुबिन. पहिल्याच गाण्यात झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ड्रम आणि सॅबाथची ‘स्वीट लीफ’ची गिटार, ‘नो स्लीप टिल ब्रुकलिन’मध्ये स्लेयरचा केरी किंग स्वतः सोलो वाजवतो. गोऱ्या पोरांचा दंगा आहे, मजा येते, पण रन-डीएमसीच्या आधी ऐकू नका, नाहीतर पुन्हा गिटारच्या मागे लागाल. मग पब्लिक एनिमी या रॅप गटाचा १९८८ चा अल्बम: ‘शी वॉच चॅनल झीरो’मध्ये स्लेयरच्या ‘एंजल ऑफ डेथ’ची रिफ कापून ठोक्यात बसवलीय. ती ओळखू आली तर पायरी ४ जमली. १९९१ मध्ये अँथ्रॅक्स हा मेटल बँड आणि पब्लिक एनिमी यांनी मिळून केलेलं ‘ब्रिंग द नॉइज’ही आहे, आणि १९९२ पासून रेज अगेन्स्ट द मशीन आहेच, पण ते तुमच्याकडे आधीपासून असेल.

सगळं झालं की एखाद्या रविवारी एरोस्मिथचं मूळ गाणं पुन्हा लावा. यावेळी पूर्ण ऐकायचं ठरवून. माझं अजून जमलेलं नाही. क्रेमरचे ड्रम संपतात, पेरीची गिटार सुरू होते, आणि अंगठा आपोआप पडद्यावरून मागे सरकतो.